माहेरचा जिल्हा: एका आयरिश पोलिसाच्या वंशावळीआधी

लंडनजवळ क्यू इथे ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. तिथल्या गृहखात्याच्या दप्तरात 184 क्रमांकाखाली नोंदवह्यांचा एक संच ठेवलेला आहे. आयर्लंडच्या पोलिसदलात 1816 पासून 1922 पर्यंत जे भरती झाले त्या ऐंशी हजारांहून अधिक माणसांची नोंद त्यात आहे, आणि दर माणसाच्या वाट्याला एक आडवी ओळ आली आहे. क्रमांक, नाव, भरतीच्या वेळचं वय, उंची (बऱ्याचदा पाव इंचापर्यंत मोजलेली), धर्म, मूळ जिल्हा, आधीचा धंदा, शिफारस कुणाची, लग्नाची तारीख, बायको कुठल्या जिल्ह्यातली, बदल्या कुठे कुठे, बक्षिसं, शिक्षा, आणि शेवटी नोकरी सुटली ती कशाने: पेन्शनीने, राजीनाम्याने, बडतर्फीने की मरणाने.

वडिलांचं नाव त्या ओळीत नाही. आईचं नाही. गाव नाही, नुसता जिल्हा. बायकोचंसुद्धा नाव नाही आणि मुलं किती झाली याला तर रकानाच नाही. सरकारला जे लागत होतं ते सरकारने लिहून ठेवलं. आपल्याकडे शिपायाचं पूर्ण नाव लिहिलं की बापाचं नाव आपोआप मधे येऊन बसतं. आयरिश नावात ती सोय नाही. त्यामुळे वहीतल्या अनेक पॅट्रिक मर्फींपैकी आपला पॅट्रिक मर्फी कोणता, इथूनच घोळाला सुरुवात होते.

आमच्या घरी एक कुलवृत्तांत आहे. मूळ पुरुषापासून निघालेला वेल, त्याच्या फांद्या, त्या फांद्यांवर टांगलेले पुरुष. जुन्या पिढ्यांतल्या बायकांच्या जागी नुसती रेघ. लहानपणी मला वाटायचं, त्या काळी बायकांना नावं ठेवत नसावेत. पुढे कळलं तरी सवय गेली नाही: वंशावळ म्हणजे बापाकडून आजाकडे, आजाकडून पणजाकडे चढत जायची शिडी. आयरिश पोलिसाच्या बाबतीत ही शिडी पहिल्याच पायरीला मोडते. वर चढायचं तर आधी बाजूला सरकून त्याच्या सासुरवाडीला जावं लागतं. या प्रस्तावनेत मला सांगायचंय ते एवढंच. बाकीचा सगळा त्याचा पसारा आहे.

आधी दलाविषयी थोडं. आयर्लंडमध्ये पोलिस आणले रॉबर्ट पील याने, 1814 मध्ये, शांतता राखण्याच्या नावाखाली. म्हणून तिथे पोलिसाला ‘पीलर’ म्हणतात. 1822 च्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्याला पोलिस आले, 1836 मध्ये सगळ्यांना एका छत्राखाली आणून ‘आयरिश कॉन्स्टॅब्युलरी’ झाली, आणि 1867 मध्ये फेनियन क्रांतिकारकांचं बंड मोडल्याची बक्षिसी म्हणून राणीने नावामागे ‘रॉयल’ लावलं. गडद हिरवा, काळपट दिसणारा गणवेश, खांद्यावर बंदूक, मुक्काम बराकीत. बराक म्हणजे मोठी छावणी डोळ्यासमोर आणू नये. खेड्याच्या नाक्यावरचं एखादं दुमजली घर, त्यात एक सार्जंट आणि चार-पाच शिपाई. अशी घरं देशभर चौदाशेच्या घरात होती. डब्लिन शहराला मात्र निराळं दल होतं, डब्लिन महानगर पोलिस, आणि त्याची दप्तरंही निराळी. शोधणाऱ्याने आपला माणूस कुठल्या दलात होता हे आधी पक्कं करावं, म्हणजे दोन महिने चुकीच्या वहीत जात नाहीत.

खालच्या हुद्द्यांवरचे बहुतेक शिपाई कॅथलिक होते, छोट्या शेतकऱ्यांची मुलं. वरचे अधिकारी बहुतांशी प्रॉटेस्टंट आणि थेट भरतीचे. म्हणजे इंग्रजांचं राज्य गावात चालवणारा माणूस गावातल्यासारखाच होता, त्याच प्रार्थनेला गुडघे टेकणारा, फक्त दुसऱ्या जिल्ह्यातला. हे नीट ध्यानात घेतल्याशिवाय या घराण्यांचं पुढे काय झालं ते कळत नाही.

या दलाशी आपलं एक नातंही आहे. 1843 मध्ये सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने तिथे आयर्लंडच्या धर्तीवर पोलिस उभे केले. 1847 मध्ये सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि 1853 मध्ये इलाख्याने आपल्या जिल्ह्यांना त्याच साच्यातले पोलिस दिले. 1861 च्या पोलिस कायद्यामागेही तोच नमुना होता. वंशावळीच्याच भाषेत बोलायचं तर साताऱ्या-नगरकडच्या जिल्हा पोलिसाचा पणजा आयर्लंडचा निघतो. वेताची छडी, हजेरीची परेड, हातात दंडुका आणि डोक्यात बदलीची धास्ती, यांतलं किती तिकडून आलं हे शोधणं वेगळ्या पुस्तकाचं काम आहे.

बदलीवरूनच मुख्य गोष्टीकडे येतो.

आयरिश पोलिसाला स्वतःच्या जिल्ह्यात नोकरी करता येत नसे. लग्न झालं की बायकोचा जिल्हाही बंद. लग्नाला वरिष्ठांची परवानगी लागे, आणि साधारण सात वर्षं नोकरी झाल्याशिवाय ती मिळत नसे. बायकोने दुकान घालायचं नाही, धंदा करायचा नाही. हेतू उघड होता: ज्याला पकडायचं तो मेव्हणा निघता कामा नये आणि ज्याच्याकडून कर्ज घेतलं त्याच्या दारूच्या गुत्त्यावर धाड घालायची वेळ येता कामा नये. हेतू काहीही असो, या नियमांनी दर पोलिसाच्या घरात तीन जिल्हे आणून बसवले. त्याचा, तिचा, आणि जिथे मुलं जन्मली तो.

समजा, केरीतला एका शेतकऱ्याचा मुलगा. विशीत डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधल्या डेपोत दाखल झाला, कवायत शिकला. पहिली नेमणूक मेयोत. तिथे सात-आठ वर्षं काढली आणि समोरच्या दुकानदाराच्या मुलीशी जमलं. अर्ज गेला, परवानगी आली, लग्न झालं, आणि लगोलग बदली, कारण मेयो आता बायकोचा जिल्हा. वहीतल्या ओळीत दोन तारखा शेजारी शेजारी दिसतात, लग्नाची आणि बदलीची, आणि त्या दोन तारखांमधल्या थोड्या आठवड्यांत एक मुलगी आपलं गाव कायमचं सोडून निघालेली असते. वहीत हे कुठेच लिहिलेलं नाही. पण तारखा वाचायला शिकलं की दिसतं.

आता बायकोच्या जिल्ह्याचा उपयोग. कॅथलिकांची लग्नं सरकारी दप्तरात नोंदली जाऊ लागली 1864 पासून, जन्म-मृत्यूही तेव्हापासून. इतरांची लग्नं मात्र 1845 पासूनच. लग्न मुलीकडे व्हायची रीत तिथेही आहे, म्हणजे नोंद सापडणार ती तिच्या धर्मग्रामात. तारीख हाती आहे, जिल्हा हाती आहे, नवऱ्याचं नाव माहीत आहे. त्या जिल्ह्यातल्या नोंदींत त्या तारखेला तो नवरा शोधायचा. सापडला की त्या एका कागदावर सगळं एकदम उघडतं: बायकोचं नाव, तिचा पत्ता, तिच्या वडिलांचं नाव आणि धंदा, आणि हो, नवऱ्याच्या वडिलांचंही नाव आणि धंदा. जो बाप पोलिसदलाच्या वहीने सांगितला नाही तो सासऱ्याच्या गावच्या नोंदीत सापडतो. पोलिसाचं मूळ असं सासुरवाडीच्या दारातून हाती येतं.

तिथून पुढे वाट तुलनेने सोपी. तिच्या पत्त्यात ‘टाउनलँड’ असतं. ही तिथली सगळ्यात छोटी वस्ती-विभागणी, आपल्या वाडीइतकी किंवा शिवाराएवढी. सगळ्या आयर्लंडात असे साठ हजारांहून अधिक तुकडे आहेत. टाउनलँड कळलं की 1847 ते 1864 मध्ये रिचर्ड ग्रिफिथने केलेल्या जमीन-मूल्यांकनात तिचे वाडवडील कुणाची जमीन कसत होते हे काढता येतं. सातबारा समजावा, फक्त मालकापेक्षा कुळाचं नाव ठळक असलेला. कॅथलिक धर्मग्रामांच्या बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 2015 मध्ये सर्वांना खुल्या केल्या. लॅटिनमधल्या, फिकट शाईच्या, एखाद्या पाद्र्याच्या घाईच्या अक्षरातल्या. डोळ्यांना भिंग आणि मनाला सबुरी लागते.

मोठं कुटुंब असलं की काम अवघड होतं असं वाटेल. पोलिसाच्या घरी उलट आहे. जितकी मुलं जास्त तितक्या बदल्यांच्या खुणा जास्त. पहिलं मूल कधी कधी आजोळी जन्मलेलं सापडतं, दुसरं-तिसरं एका बराकीच्या गावात, चौथं-पाचवं दुसऱ्या, आणि शेंडेफळ तिसऱ्या जिल्ह्यात, बापाला सार्जंटच्या पट्ट्या मिळाल्यानंतर. जन्मनोंदीत बापाच्या धंद्याच्या जागी पोलिस शिपाई असं लिहिलेलं असतं, जन्मठिकाणाच्या जागी कित्येकदा बराकच. ही मुलं एका रांगेत मांडली की बापाचं सेवापुस्तकच तयार होतं.

नावांची एक जुनी रीत इथे मोठी कामाला येते. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला वडिलांचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं, तिसरीला आईचं. सगळीकडे आणि सगळ्यांनी पाळली असं नाही, पण एवढी पाळली जाई की आठ मुलांची नावं क्रमाने हाती आली तर चारही आजी-आजोबांचा अंदाज करता येतो. क्रमात एक नाव दोनदा आलं तर गोंधळून जाऊ नये. पहिलं मूल गेलेलं असतं आणि तेच नाव पाठच्याला दिलेलं असतं. आजोबाचं नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे समजवायला नको.

एक सावधगिरी मात्र हवी. शेतकऱ्याच्या घरी बाप्तिस्म्याला उभे राहणारे धर्ममाता-धर्मपिता बहुधा काका-मावशी असतात, म्हणून त्यांच्या नावावरून नाती जुळवता येतात. पोलिसाच्या घरी हे नातेवाईक तीन दिवसांच्या वाटेवर असत. मग शेजारच्या खोलीतला शिपाई उभा राही, किंवा सार्जंटची बायको. ती नावं धरून नाती जुळवत गेलात तर परक्या घराण्यात जाऊन पडाल.

हुद्द्यांचाही एक सापळा आहे. 1883 मध्ये दलाने हुद्द्यांची नावं बदलली. त्याआधी जो ‘सब-कॉन्स्टेबल’ होता तो ‘कॉन्स्टेबल’ झाला, आणि आधीचा ‘कॉन्स्टेबल’ झाला ‘सार्जंट’. म्हणजे 1875 च्या कागदावरचा कॉन्स्टेबल हा 1890 च्या कॉन्स्टेबलच्या वरचा. पणजोबांची पदावनती झाली अशी समजूत करून घेतलेली घरं असतील, आणि ‘आमचे पणजोबा अधिकारी होते’ अशी उलटी समजूत करून घेतलेली त्याहून जास्त. त्या दलात ‘अधिकारी’ हा शब्द जिल्हा निरीक्षक आणि त्याच्या वरच्यांनाच लागे. बाकी सगळे ‘जवान’. अधिकाऱ्यांच्या नोंदवह्यासुद्धा वेगळ्या आहेत. घरच्या आठवणीतला पणजोबा बढती घेऊन येतो, हे जगभरच्या घरांचं खरं असावं.

आता खानेसुमारी. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त रस वाटतो, म्हणून थोडा रेंगाळतो.

1901 ची खानेसुमारी 31 मार्चच्या रात्रीची आणि 1911 ची 2 एप्रिलच्या रात्रीची. दोन्ही वेळा घरोघर फॉर्म वाटले, गोळा केले, तपासले आणि खाली सही केली ती पोलिसांनी. कुठल्याही घराचा फॉर्म काढा, खाली मोजणी करणाऱ्या शिपायाचं नाव दिसतं. त्याने परसातली डुकराची खोपटी मोजली, खिडक्या मोजल्या, भिंत मातीची की दगडाची ते लिहिलं, घरातल्या कुणाला वाचता येतं आणि कुणाला आयरिश बोलता येतं ते लिहिलं. 1911 मध्ये विवाहित बाईला लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली आणि त्यांतली आज किती आहेत, हेही विचारलं. नऊ जन्मली, सहा आहेत. हे दोन आकडे परक्या गावच्या बाईकडून एका परक्या जिल्ह्यातल्या पोलिसाने लिहून घेतले.

आणि त्याच रात्री त्याच पोलिसांची मोजणी झाली ती बराकीच्या वेगळ्या फॉर्मवर, नावाऐवजी आद्याक्षरांनी. पॅट्रिक मर्फी तिथे ‘प. म.’ एवढाच. वय, धर्म, जन्मजिल्हा आणि भरतीपूर्वीचा धंदा दिलेला, नाव गायब. सगळ्या देशाची नावं ज्याने लिहिली त्याचं स्वतःचं नाव दोन अक्षरांत. सुरक्षेचं कारण असेल. शोधणाऱ्याला मात्र त्याचं काय. त्याने करायचं ते एवढंच: ‘प. म.’ हे आद्याक्षर, वय आणि जन्मजिल्हा हातात धरून पुन्हा क्यूच्या वहीकडे जायचं आणि ओळ जुळवायची.

लग्न झालेल्या शिपायाची बायको-मुलं गावात भाड्याच्या घरात असत आणि तो पाळीवर बराकीत. त्यामुळे त्या रात्रीच्या घरच्या फॉर्मवर कुटुंबप्रमुखाच्या जागी बायको सापडते. तिच्याखाली वयाच्या उतरत्या क्रमाने मुलं, प्रत्येकासमोर जन्मजिल्हा वेगळा. एकाच घरात गॉलवे, क्लेअर, टिपेररी असे तीन जिल्हे एकाखाली एक दिसले की ते घर पोलिसाचं असण्याची शक्यता दांडगी. इथेही पुन्हा बायकोच्याच हातात दोरी.

1901 आणि 1911 मिळतात हे नशीबच म्हणायचं, कारण त्याआधीचं जवळजवळ काही उरलेलं नाही. 1861 आणि 1871 च्या खानेसुमारीचे फॉर्म सरकारने आकडे काढून झाल्यावर नष्ट केले. 1881 आणि 1891 चे पहिल्या महायुद्धात कागदटंचाई म्हणून लगद्यात गेले. 1821 ते 1851 चे डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या सार्वजनिक दप्तरखान्यात होते. 28 जून 1922 ला आयर्लंडमध्ये यादवी युद्ध सुरू झालं आणि 30 जूनला तो दप्तरखाना उडाला. सात शतकांचे कागद जळून डब्लिनवर तुकड्यातुकड्यांनी पडत राहिले. प्रॉटेस्टंट चर्चच्या शेकडो धर्मग्रामांच्या वह्याही त्यात गेल्या. हर्बर्ट वुड या दप्तरदाराने तीनच वर्षं आधी, 1919 मध्ये, तिथे काय काय आहे याची मार्गदर्शिका छापली होती. जे आहे त्याची यादी म्हणून केलेलं ते पुस्तक जे गेलं त्याची यादी होऊन बसलं. जळाल्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, जून 2022 मध्ये, जगभरच्या नकला गोळा करून तो दप्तरखाना संगणकावर पुन्हा रचण्याचा प्रकल्प लोकांसाठी खुला झाला. वुडच्या यादीचा आधार तिथेही लागला.

जाता जाता एक मजेदार गोष्ट. 1909 च्या जानेवारीपासून सत्तरी गाठलेल्यांना सरकारी पेन्शन मिळू लागली. सत्तर वर्षांपूर्वी जन्मनोंदच नव्हती, तेव्हा पुरावा काय द्यायचा? तर 1841 आणि 1851 च्या खानेसुमारीत नाव शोधून द्या असे अर्ज लोकांनी केले. ते अर्ज आणि त्यांवरची उत्तरं टिकली, मूळ खानेसुमारी जळली. याच पेन्शनपायी 1901 ते 1911 या दहा वर्षांत अनेक म्हातारी माणसं पंधरा-सोळा वर्षांनी मोठी झालेली दिसतात. पोलिसाला ही चैन नव्हती. त्याचं वय भरतीच्या दिवशीच वहीत गेलेलं.

1922 च्या त्याच उन्हाळ्यात, ऑगस्टअखेर, ते दलही बरखास्त झालं. इथून कागदाची अडचण संपते आणि माणसांची सुरू होते.

21 जानेवारी 1919 ला टिपेररीतल्या सॉलोहेडबेग इथे, खाणीकडे सुरुंगाची दारू नेणाऱ्या गाडीवर हल्ला झाला आणि बरोबरचे दोन शिपाई ठार झाले. जेम्स मॅकडॉनेल मेयोचा, बायको वारलेली, मागे मुलं. पॅट्रिक ओ’कॉनेल कॉर्कचा, अविवाहित. दोघेही टिपेररीचे नव्हते, नियमच तसा. आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात इथून धरतात. त्याच एप्रिलमध्ये नव्या आयरिश संसदेने पोलिसांवर सामाजिक बहिष्कार जाहीर केला. दुकानदार शिपायाच्या बायकोला दूध-पाव देईना, मुलांच्या बाकावर शाळेत कुणी बसेना. शेकडो शिपायांनी राजीनामे दिले. जून 1920 मध्ये लिस्टोवेलच्या बराकीत ‘जेरेमाया मी’ नावाच्या शिपायाच्या पुढाकाराने वरिष्ठांचा हुकूम सरळ नाकारला गेला. जागा भरायला ब्रिटनमधून आणलेले ‘ब्लॅक अँड टॅन्स’ आले, आणि त्यांच्या अत्याचारांचं पाप जुन्या शिपायांच्या माथीही लागलं. दल मोडेपर्यंत चारशेहून अधिक पोलिस मारले गेले होते. उरलेल्यांतले कित्येक पेन्शन घेऊन इंग्लंडला गेले, काही उत्तर आयर्लंडच्या नव्या दलात शिरले, काही पॅलेस्टाइनमध्ये.

जे गावात राहिले त्यांनी बोलणं बंद केलं. गणवेश पोटमाळ्यावर, पदक पेटीच्या तळाशी. पुढच्या पिढीला आजोबा ‘सरकारी नोकरीत’ होते एवढंच माहीत. हा अबोला किती खोल आहे ते 2020 च्या जानेवारीत दिसलं: आयरिश सरकारने या दोन्ही पोलिसदलांच्या स्मरणाचा कार्यक्रम डब्लिन कॅसलमध्ये ठरवला आणि असा गदारोळ उठला की दहा दिवस आधी तो पुढे ढकलावा लागला. शंभर वर्षांनीही. आता या घराण्यांचा माग काढायला जो हात धरतो तो जिम हर्लिही याचा मार्गदर्शक ग्रंथ, 1997 मध्ये छापलेला. लेखक स्वतः स्वतंत्र आयर्लंडच्या पोलिसातला.

अबोल्याचा दुसरा परिणाम नावांवर झाला. शॉन ओ फॅलॉन हा आयर्लंडचा मोठा कथाकार. जन्म 1900, कॉर्क, नाव जॉन व्हेलन, वडील डेनिस व्हेलन याच दलातले शिपाई. विद्यार्थिदशेत हा मुलगा बंडखोरांत सामील झाला आणि आडनावाचं जुनं आयरिश रूप त्याने घेतलं. बाप राजाचा शिपाई, मुलगा राजाविरुद्ध, आणि दोघांची आडनावं वर्णानुक्रमात दूर दूर. अशी घरं एकदोन नव्हती. शोधताना ‘ओ’ आणि ‘मॅक’ काढून एकदा आणि लावून एकदा, अशी प्रत्येक नावाची दोनदा फेरी मारावी लागते.

सबॅस्टियन बॅरी याने तर आपल्या घरातला हा लपवलेला पोलिस थेट रंगमंचावर आणला. त्याचे पणजोबा डब्लिन महानगर पोलिसात वरच्या हुद्द्यावर. 1995 च्या नाटकात त्यांच्यावर बेतलेला थॉमस डन वेड्यांच्या आश्रमात बसून जुन्या गणवेशाच्या आठवणीत हरवलेला दिसतो. तिथे बॅरी थांबला नाही. डनची मुलगी ॲनी हिच्यावर 2002 मध्ये कादंबरी, महायुद्धात गेलेला मुलगा विली याच्यावर 2005 मध्ये, अमेरिकेला पळून गेलेली लिली हिच्यावर 2011 मध्ये. वंशावळीतल्या एकेका फांदीला एकेक पुस्तक. मला विचाराल तर पोलिसाच्या मोठ्या कुटुंबाचा असा कुलवृत्तांत दुसरा झालेला नाही.

स्वतंत्र आयर्लंडच्या पोलिसाचं घर पाहायचं असेल तर कादंबरीकार जॉन मॅकगाहर्न याचं पाहावं. बाप सार्जंट, स्वातंत्र्ययुद्धात बंडखोरांकडून लढलेला, आई शिक्षिका, सात भावंडं, जॉन थोरला. आई मुलांना घेऊन आपल्या शाळेच्या गावी, बाप मैलोगणती दूर कूटहॉलच्या बराकीत. 1944 मध्ये आई कर्करोगाने अंथरुणाला खिळली असताना बापाने माणसं पाठवून घरातलं सामान आणि मुलं बराकीत हलवली. खाटा सुट्या करताना होणारी ठोकाठोक आईच्या खोलीत ऐकू जात होती. राज्य बदललं, गणवेशाचा रंग बदलला, बराक आणि बदली तीच राहिली.

आणि शाळेत टिंडाल परिणाम शिकलेल्यांसाठी: धुळीच्या कणांवर प्रकाश विखुरतो हे दाखवणारा जॉन टिंडाल 1820 मध्ये कार्लो जिल्ह्यातल्या लेलिनब्रिज गावी जन्मला. बाप पोलिस शिपाई.

पुढची पानं वाचताना काही गोष्टी हाताशी असू द्याव्यात. वहीतली ओळ वाचली की लग्नाच्या तारखेवर आधी थांबा, मग बायकोच्या जिल्ह्यावर, आणि नवऱ्याचा जिल्हा शेवटी उघडा. मुलांना जन्मक्रमाने लावा, नकाशावर नाही. आणि नकाशा घ्याल तो 32 जिल्ह्यांचा, 1922 च्या आधीचा घ्या. वहीत ‘किंग्ज काउंटी’ आणि ‘क्वीन्स काउंटी’ असे दोन जिल्हे वारंवार येतात. आजच्या नकाशावर ते ऑफली आणि लीश या नावांनी आहेत.